वाचकांचे प्रश्न : पॅकिंगमध्ये बदल केला, तर यूएन चाचणी पुन्हा करावी लागते का?

पुणे परिसरातून, विशेषतः भोसरी, चाकण आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतून, या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. ज्वालाग्राही, संक्षारक किंवा विषारी माल समुद्रमार्गे अथवा विमानाने पाठवताना वापरलेले यूएन मार्कचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे चाचणी झाल्याची खूण छापलेले, पॅकिंग थोडेसे बदलले, तर जुने चाचणी प्रमाणपत्र चालते की चाचणी नव्याने करावी लागते, असा तो प्रश्न आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचा आधार त्यात आहे.

प्रश्न : आम्ही लाकडासाठीचे पॉलिश आणि थिनर बनवतो. एक लिटरच्या बारा प्लास्टिक बाटल्या एका पाच प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या) खोक्यात भरून आम्ही न्हावा शेवा बंदरातून निर्यात करतो. खोक्यावर यूएन मार्क आहे आणि प्रमाणपत्राची मुदतही शिल्लक आहे. खोकेवाल्याने अलीकडे बाहेरच्या कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) वाढवला आणि आतल्या नागमोडी थरांसाठी दोन्ही बी-फ्लूटऐवजी एक बी आणि एक सी-फ्लूट वापरण्यास सुरुवात केली. खोके आता पूर्वीपेक्षा भक्कम झाले असल्यामुळे जुने प्रमाणपत्र आपोआप लागू होते, असे त्याचे म्हणणे आहे. याच सुमारास आमच्या स्टोअरने ७२ मिलिमीटरच्या टेपऐवजी ४८ मिलिमीटरची टेप घेतली. हे योग्य आहे का? — एक उद्योजक, भोसरी

उत्तर : दोन्ही बदल चाचणी न करता चालणार नाहीत, आणि त्यांपैकी टेपचा बदल मला अधिक चिंतेचा वाटतो.

प्रमाणपत्र नेमके कशाला दिलेले असते, ते आधी पाहू. धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी १९५६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या. आता त्या आदर्श नियमावलीच्या रूपात असून दर दोन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती निघते. समुद्रमार्गाचा आयएमडीजी कोड आणि विमान वाहतुकीचे नियम तिच्यावरच बेतलेले आहेत. या नियमावलीच्या सहाव्या भागात ‘डिझाइन टाइप’ ही कल्पना मांडलेली आहे. रचना, आकार, साहित्य, जाडी, बनवण्याची पद्धत आणि भरण्याची पद्धत या सर्वांनी मिळून एक डिझाइन टाइप ठरतो. प्रमाणपत्र मिळते ते या संपूर्ण जुळणीला. सुट्या खोक्याला ते कधीच मिळत नाही. रचना, साहित्य किंवा बनवण्याची पद्धत यांत फेरफार करणारा प्रत्येक बदल झाल्यावर चाचण्या पुन्हा करायच्या, असे नियमावली स्पष्ट सांगते. बदलामुळे पॅकिंग कमकुवत झाले तरच चाचणी करा, असे तिने कुठेही म्हटलेले नाही. पॅकिंग वेगळे झाले, एवढे कारण तिला पुरेसे असते.

‘भक्कम झाले’ हा खोकेवाल्याचा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्याही तो वाटतो तितका खरा नाही. सी-फ्लूटची नागमोड बी-फ्लूटपेक्षा साधारण एक मिलिमीटरने उंच असते. बाहेरचे माप तेवढेच ठेवले, तर समोरासमोरच्या दोन भिंती मिळून आतली जागा दोनेक मिलिमीटरने कमी होते. तळाशी आणि झाकणाशी, जिथे पाकळ्या एकावर एक येतात, तिथे त्याहूनही अधिक. बारा बाटल्या तीन रांगांत घट्ट बसवलेल्या असतील, तर एवढ्या फरकानेही विभाजकाचे पुठ्ठे वाकतात आणि बाटली बाटलीवर घासू लागते. उलट आतले माप राखले, तर खोके बाहेरून मोठे होते, म्हणजे आकारच बदलतो. जड कागदाचाही एक दोष आहे. घडीच्या रेषा पूर्वीच्याच दाबाने मारल्या, तर वाढीव जीएसएमचा कागद घडीवर तडकू शकतो, आणि खोके कोपऱ्यावर आपटल्यावर त्याच तड्यातून फाटते.

आता टेपविषयी. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या पाच नमुन्यांवर आपटण्याची चाचणी होते. एक नमुना तळावर, दुसरा माथ्यावर, तिसरा लांब बाजूवर, चौथा आखूड बाजूवर आणि पाचवा कोपऱ्यावर टाकतात. धोक्याच्या तीव्रतेनुसार मालाचे तीन पॅकिंग ग्रुप केलेले असतात; ग्रुप १ सर्वांत धोकादायक. पॅकिंग ग्रुप २ च्या मालासाठी उंची १.२ मीटर असते. ग्रुप १ साठी १.८ आणि ग्रुप ३ साठी ०.८ मीटर. पाचही खोकी प्रत्यक्ष माल पाठवताना जशी भरतात आणि बंद करतात, तशीच भरलेली आणि बंद केलेली असावी लागतात. टेप कोणती, किती रुंद, किती पट्ट्या, टोके बाजूच्या भिंतीवर किती उतरवलेली, हे सर्व त्यात येते. पॅकिंगच्या उत्पादकाने ते बंद कसे करायचे याची लेखी माहिती ग्राहकाला द्यावी, असे बंधन नियमावलीत याच कारणासाठी घातलेले आहे. तो कागद बहुतेक कारखान्यांत खरेदीच्या फायलीत पडून असतो आणि प्रत्यक्ष टेप लावणाऱ्या कामगाराने तो पाहिलेलाही नसतो. आपल्याकडे तो कागद असेल, तर आजच काढून त्यावर टेपची रुंदी काय लिहिली आहे ते पाहावे.

चाचणीशाळेत काम करत असताना पाहिलेला एक प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. एका कारखान्याची खोकी नियमित फेरचाचणीसाठी आली होती. खोके, बाटल्या, विभाजक असे सारे मूळ अहवालाप्रमाणेच होते. फक्त स्टोअरमध्ये मूळची टेप संपल्यामुळे अरुंद टेप लावली होती. पहिली चार खोकी व्यवस्थित पार पडली. पाचवे कोपऱ्यावर पडले आणि मधल्या सांध्यावरची टेप ‘चर्र’ असा आवाज करत वीतभर उचकटली. पाकळी उघडली आणि एका बाटलीचा खांदा बाहेर डोकावू लागला. एक थेंबही सांडला नव्हता. तरीही तो नमुना नापास झाला, कारण गळती नसणे एवढ्याने भागत नाही. आतल्या बाटल्या पूर्णपणे बाहेरच्या खोक्याच्या आतच राहिल्या पाहिजेत, अशी नियमाची अट आहे. त्या कारखान्याने त्याच टेपने बंद केलेला माल तोवर पाठवलाही होता.

आपण काय करावे, तर जुन्या रचनेची खोकी आणि मूळ टेप शिल्लक असेल, तोवर तीच वापरावीत. नव्या कागदाचे, नव्या फ्लूटचे खोके ज्या टेपने कायम बंद करणार आहात त्या टेपसह चाचणीला पाठवावे. दोन्ही बदल एकाच चाचणीत बसतात, म्हणजे खर्चही एकदाच येतो. तोपर्यंत जुना यूएन मार्क छापलेले नवे खोके मालासाठी वापरू नये. त्या मार्कचा अर्थ ‘हे खोके चाचणी झालेल्या नमुन्यासारखेच आहे’ असा असतो, आणि आपल्या बाबतीत ते विधान आता खरे उरलेले नाही.

प्रश्न : आम्ही ५०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्यांसह प्रमाणित झालेले खोके वापरतो. काच फुटण्याची भीती नको म्हणून त्याच मापाच्या एचडीपीई बाटल्या आणि काही ग्राहकांसाठी २५० मिलिलिटरच्या बाटल्या वापरायच्या आहेत. काचेपेक्षा प्लास्टिक सुरक्षित असल्याने नव्या चाचणीची गरज नसावी, असे आम्हाला वाटते. माल बहुधा विमानाने जातो. — एक वाचक, चाकण

उत्तर : आतली बाटली बदलण्यास नियमावलीने काही मर्यादेत मोकळीक दिलेली आहे, पण ती सशर्त आहे आणि प्रत्येक अट पूर्ण झाली तरच लागू होते. नवी बाटली मूळ बाटलीएवढी किंवा तिच्याहून लहान हवी. तिची घडण मूळ बाटलीसारखी हवी, म्हणजे गोल बाटलीच्या जागी चौकोनी चालणार नाही. तिच्या साहित्याने आघात आणि रचाईचा भार मूळ बाटलीइतका किंवा त्याहून अधिक सहन केला पाहिजे. तोंड तेवढेच किंवा लहान आणि झाकण त्याच प्रकारचे हवे. रिकामी राहणारी जागा जादा कुशनिंगने भरून काढली पाहिजे, जेणेकरून बाटल्या हलणार नाहीत. आणि बाटल्या पूर्वी ज्या स्थितीत, उदाहरणार्थ उभ्या, ठेवल्या होत्या, त्याच स्थितीत ठेवल्या पाहिजेत.

२५० मिलिलिटरच्या बाटल्या काचेच्याच असतील, तर या अटी पाळणे अवघड नाही. अडचण बहुतेक वेळा रिकाम्या जागेची होते. लहान बाटली जुन्याच विभाजकात ठेवली की तिच्याभोवती बोटभर फट राहते आणि ती भरण्याचे काम पॅकिंग टेबलवरच्या माणसाच्या अंदाजावर सोडले जाते. लहान बाटलीसाठी विभाजक नव्याने कापून घ्यावा आणि वर-खाली किती जाडीचे कुशनिंग ठेवायचे, ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावे.

प्लास्टिकच्या बाटलीबाबत मात्र मी आपल्या मताशी सहमत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या आत असलेल्या पॅकिंगची आपटण्याची चाचणी नमुना उणे १८ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून केली जाते, कारण थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते. काचेच्या बाटल्यांसाठी असे थंड करावे लागत नाही. म्हणजे आपले प्रमाणपत्र ज्या चाचणीवर उभे आहे, ती बहुधा खोलीच्या तापमानाला झालेली असणार, आणि थंड अवस्थेत नवी बाटली, विशेषतः तिचे झाकण आणि मानेचा भाग, कसा वागेल याबद्दल त्या अहवालात काहीच नसणार. एचडीपीई काचेपेक्षा चिवट असते हे खरे. पण पेचाचे झाकण, त्यातली चकती आणि बाटलीचे तोंड यांचा मेळ मूळ काचेच्या बाटलीसारखाच आहे, हे कागदावर दाखवता येत नाही. विमानासाठी आणखी एक अट आहे. द्रव असलेल्या बाटलीने ९५ किलोपास्कल दाबाचा फरक गळती न होता सहन केला पाहिजे. पॅकिंग ग्रुप ३ च्या काही द्रवांसाठी ही मर्यादा ७५ किलोपास्कल आहे. हा गुण बाटलीत आणि झाकणात असावा लागतो, खोके कितीही चांगले असले तरी तो त्यातून येत नाही.

एचडीपीई बाटलीसह नवी चाचणी करून घ्यावी, हे माझे मत आहे. आपल्याला वारंवार वेगवेगळ्या बाटल्या वापरायच्या असतील, तर नियमावलीतला दुसरा मार्गही विचारात घ्यावा. खोक्याची चाचणी काचेसारख्या नाजूक बाटल्यांत द्रव भरून, ग्रुप १ च्या म्हणजे १.८ मीटरच्या उंचीवरून केली आणि ती पार पडली, तर त्या खोक्यात पुढे कोणत्याही प्रकारच्या आतल्या बाटल्या चालतात आणि खोक्याच्या कोडपुढे ‘व्ही’ हे अक्षर येते. मोबदल्यात आतल्या बाटल्यांचे एकूण वजन चाचणीतल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये आणि कुशनिंगची जाडी कमी करता येत नाही. एकसारख्या शंभर खोक्यांची खेप पाठवणाऱ्याला हा मार्ग महाग पडतो; दर आठवड्याला वेगळी मागणी येणाऱ्याला तो सोयीचा ठरतो.

प्रश्न : आमच्या २०० लिटरच्या लोखंडी ड्रमच्या बुचातली ईपीडीएम रबराची गॅसकेट (गळती रोखणारी चकती) मिळेनाशी झाल्यामुळे नायट्राइल रबराची घेतली. माल अ‍ॅसिटोन मिश्रित आहे. ड्रमचा बाहेरचा रंगही निळ्याचा हिरवा केला आहे. — एक वाचक, कुरकुंभ

उत्तर : रंगाची चिंता करू नये. बाहेरच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया बदलल्याने डिझाइन टाइप बदलत नाही. गॅसकेटची मात्र चिंता करावी, आणि चाचणीचा विचार करण्याच्याही आधी करावी. नायट्राइल रबर अ‍ॅसिटोनसारख्या कीटोनमध्ये फुगते आणि मऊ पडते. ईपीडीएम त्यात चांगले टिकते. म्हणजे या मालासाठी आपण योग्य गॅसकेट काढून अयोग्य बसवली आहे. असे भरलेले ड्रम आवारात असतील, तर ते पाठवू नयेत, बुचे तपासून गॅसकेट बदलावी.

गॅसकेट हा झाकणाचाच भाग असून उत्पादकाने द्यायच्या लेखी माहितीत तिचा उल्लेख नियमाने अपेक्षित आहे. तिचे साहित्य बदलले, तर ग्रुप २ आणि ३ साठी २० आणि ग्रुप १ साठी ३० किलोपास्कल हवेच्या दाबाची गळतीची चाचणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी पूर्वीच्या निकालावर सोडून देता येत नाही. ड्रम बनवणाऱ्याकडे ती दुसरी गॅसकेट आधीच चाचणीत समाविष्ट असू शकते, म्हणून त्याला लेखी विचारावे. पत्र्याची जाडी बदलल्यास, समजा १.२ मिलिमीटरवरून १.० वर आल्यास, तो थेट वेगळा डिझाइन टाइप होतो.

प्रश्न : खोक्यावर कंपनीचे नवे बोधचिन्ह छापायचे आहे आणि उचलण्यासाठी दोन बाजूंना हातखाचा कापायच्या आहेत. — एक वाचक, हडपसर

उत्तर : बोधचिन्हासाठी चाचणी लागत नाही. छपाईने यूएन मार्क झाकला जाऊ नये आणि त्याची अक्षरे नियमापेक्षा लहान होऊ नयेत, एवढे पाहावे. ३० किलोपर्यंतच्या पॅकिंगसाठी ती किमान ६ मिलिमीटर आणि त्यापुढच्या पॅकिंगसाठी किमान १२ मिलिमीटर उंच हवीत. हातखाचा मात्र भिंतीचाच भाग कापून टाकतात आणि खोक्याची भार पेलण्याची ताकद घटवतात. २४ तास, तीन मीटर उंचीच्या रचाईइतका भार ठेवण्याची चाचणी खाचा नसलेल्या खोक्यावर झालेली असेल, तर ती खाचा असलेल्या खोक्याला लागू होत नाही.

प्रश्न : आमच्या खोक्याची उंची ३० मिलिमीटरने आणि लांबी २० मिलिमीटरने कमी करायची आहे. लहान खोके तर चालेलच ना? शिवाय नेहमीच्या पुरवठादाराऐवजी त्याच मापाचे खोके दुसऱ्याकडून स्वस्तात मिळते आहे. त्यावर तोच मार्क छापून घेता येईल का? — एक खरेदी अधिकारी, पिंपरी

उत्तर : उंची आणि लांबी यांत नियमावली फरक करते, आणि तो फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो. केवळ उंचीने कमी असलेले पॅकिंग मूळ डिझाइन टाइपमध्येच धरले जाते. लांबी किंवा रुंदी कमी केल्यास ती सवलत आपोआप मिळत नाही. बाहेरच्या मापातली अशी थोडीशी घट असल्यास मर्यादित चाचण्यांवर भागवायचे की नाही, हे सक्षम प्राधिकरण, म्हणजे या कामासाठी देशाने नेमलेली यंत्रणा, ठरवते. आपल्याला केवळ उंची कमी करून काम भागवता येत असेल, तर लांबीला हात लावू नये, असे मी सुचवीन. आकार वाढवायचा असेल, तर प्रश्नच उरत नाही. ते नवे पॅकिंग आहे.

पुरवठादाराविषयीच्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर आहे. यूएन मार्कमध्ये पॅकिंगचा प्रकार, कोणत्या पॅकिंग ग्रुपसाठी चालते ते सांगणारे ‘एक्स’, ‘वाय’ किंवा ‘झेड’ हे अक्षर, वजन, वर्ष, देश आणि उत्पादकाची ओळख असते. एकाची ओळख दुसऱ्याच्या खोक्यावर छापणे म्हणजे खोटा मार्क छापणे होय, मग मापे तंतोतंत जुळत असली तरीही. दुसऱ्या पुरवठादाराने आपल्या कागदाच्या, आपल्या यंत्रावर बनलेल्या खोक्याची चाचणी स्वतंत्रपणे करून घेतली पाहिजे. आपल्या भागातले उद्योग यासाठी बहुधा मुंबईला अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगकडे जातात. चाचणीत जाणारे दिवस धरूनच खरेदीचा करार करावा. आपण स्वस्त म्हणता त्या दरात चाचणीचा खर्च धरलेला आहे का, तेही विचारावे. माझ्या अनुभवात तो बहुधा धरलेला नसतो.

प्रश्न : आम्ही काहीही बदललेले नाही. तरीही आमचा अमेरिकेतला ग्राहक दरवर्षी नवा चाचणी अहवाल मागतो. त्याचा आग्रह योग्य आहे का? — एक वाचक, रांजणगाव

उत्तर : बदल नसतानाही ठरावीक काळाने चाचण्या पुन्हा करायच्या, असा नियम आहे आणि तो काळ सक्षम प्राधिकरण ठरवते. अमेरिकेच्या संघीय नियमांत एकेरी पॅकिंगसाठी, म्हणजे माल थेट ड्रममध्ये किंवा कॅनमध्ये भरलेला असेल तर, किमान दर १२ महिन्यांनी आणि आत बाटल्या व बाहेर खोके असलेल्या पॅकिंगसाठी किमान दर २४ महिन्यांनी फेरचाचणी सांगितलेली आहे. आपण ड्रम पाठवत असाल, तर ग्राहकाची मागणी त्या नियमाला धरून आहे. बाटल्यांची खोकी पाठवत असाल, तर दोन वर्षांच्या आतला अहवाल त्या नियमाला पुरेसा आहे, असे त्याला नम्रपणे लिहावे. आपल्या प्रमाणपत्रावर छापलेली मुदत त्याहून आधी संपत असेल, तर अर्थातच ती पाळावी.

प्रश्न : पावसाळ्यात गोदामातली यूएन खोकी दमट होऊन मऊ पडतात. ती वाळवून वापरली, तर फेरचाचणी लागेल का? — एक वाचक, भोसरी

उत्तर : खोक्याची रचना बदललेली नसल्याने हा फेरचाचणीचा विषय नाही, ती खोकी वापरण्यायोग्य राहिली आहेत का, हा खरा विषय आहे. पुठ्ठ्याचे नमुने चाचणीपूर्वी किमान २४ तास ठराविक हवेत, साधारण २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत, ठेवलेले असतात. बाहेरच्या कागदाने ३० मिनिटांत दर चौरस मीटरला १५५ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी शोषू नये, अशीही अट असते. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपराखाली जमिनीला टेकून ठेवलेल्या गठ्ठ्यांना यांपैकी काहीच लाभत नाही. एकदा भिजून मऊ पडलेल्या पुठ्ठ्याचे थर डिंकाच्या रेषेवर सुटतात आणि वाळल्यावर ते पूर्ववत चिकटत नाहीत. खोक्याच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहावे. फ्लूट दबून तसाच राहिला किंवा थर सुटे झालेले दिसले, तर ते खोके धोकादायक मालासाठी बाजूला काढावे आणि त्यावरचा यूएन मार्क काळ्या शाईने खोडून टाकावा, म्हणजे ते चुकून पुन्हा पॅकिंग टेबलवर येणार नाही. उरलेले गठ्ठे लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर आणि प्लास्टिकच्या आवरणात ठेवावेत.